कामाची वाट आणि काम करणाऱ्याचा शब्द



संस्थेने आज आम्हांला 'कार्यप्रक्रिया व्यवस्थापन आणि सामाजिक सहकार्य' हा विषय दिला आहे. इंग्रजीत ज्याला बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट म्हणतात, त्यात माणसांच्या परस्पर सहकार्याला जागा कशी करून द्यावी, असा त्याचा सरळ अर्थ आहे. विषयाचे नाव ऐकून काहींना वाटले असेल की, हा तर मोठ्या कंपन्यांतील साहेब लोकांचा विषय. आपला त्याच्याशी काय संबंध? परंतु येथे बसलेल्यांपैकी कोणी रेल्वेत आहे, कोणी बँकेत, कोणी नगरपालिकेत, कोणी कारखान्यात. आपली मुले-मुली आता संगणक कंपन्यांतही जात आहेत. आपण सर्वच जण दिवसाचे आठ-दहा तास कोणत्या ना कोणत्या प्रक्रियेचा भाग असतो. म्हणून हा विषय समजून घेणे आपणास अगत्याचे आहे.

प्रक्रिया म्हणजे काय?

विद्यार्थ्यांना पटेल असे उदाहरण घेऊ. शिष्यवृत्तीचा अर्ज घ्या. आपल्या राज्यात तो आता महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावा लागतो. विद्यार्थी अर्ज भरतो, दाखले जोडतो. महाविद्यालयातील लिपिक तो तपासतो, प्राचार्यांची मान्यता होते, पुढे तो समाजकल्याण कार्यालयाकडे जातो, मंजुरी मिळते आणि रक्कम खात्यावर जमा होते. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी ही जी वाट, तिला प्रक्रिया म्हणावे. कोणती पायरी कोणी करावी, किती दिवसांत करावी, अर्ज कोठे अडतो आणि तो अडू नये म्हणून काय करावे, हे ठरवणे आणि त्यावर सतत लक्ष ठेवणे म्हणजे प्रक्रियेचे व्यवस्थापन.

कागदावर ही वाट सरळ दिसते. प्रत्यक्षात मधल्या एका पायरीवर 'त्रुटी' असा शेरा येतो आणि अर्ज परत फिरतो. कोणाचा उत्पन्नाचा दाखला जुना असतो, कोणाचे बँक खाते आधारशी जोडलेले नसते. जो लिपिक रोज हे अर्ज हाताळतो, त्याला आठ दिवसांतच कळलेले असते की परत फिरणारे बहुतेक अर्ज त्याच त्या दोन-तीन कारणांनी फिरतात. ही गोष्ट अर्ज भरण्याआधीच विद्यार्थ्याला सांगितली तर केवढा मनस्ताप वाचेल, हेही त्याला कळते. पण हे त्याने कोणाला सांगावे? प्रक्रियेच्या आकृतीत त्याच्यासाठी 'तपासा', 'पुढे पाठवा' आणि 'परत करा' अशी तीनच बटणे असतात. 'मला काही सांगायचे आहे' असे चौथे बटण नसते. आजच्या आमच्या भाषणाचा विषय हे चौथे बटण आहे.

डोके एकाचे, हात दुसऱ्याचे

हे असे का झाले, याला इतिहास आहे. अमेरिकेतील अभियंता फ्रेडरिक टेलर यांचे 'द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट' हे पुस्तक १९११ साली प्रसिद्ध झाले. स्टॉपवॉच हाती घेऊन कामगाराच्या प्रत्येक हालचालीचा वेळ मोजावा, त्यातून काम करण्याची एक सर्वोत्तम रीत शोधावी आणि ती सर्वांना लागू करावी, असा त्यांचा विचार होता. विचार करण्याचे काम नियोजन विभागाने करावे आणि कामगाराने ठरवून दिलेले काम करावे, ही वाटणी तेव्हा पक्की झाली. १९१३ साली हेन्री फोर्ड यांच्या हायलँड पार्क येथील कारखान्यात सरकता पट्टा आला. ज्या मोटारीचा सांगाडा जोडायला पूर्वी साडेबारा तास लागत, तो सुमारे दीड तासात जोडून होऊ लागला. मोटारी स्वस्त झाल्या हे खरेच. पण त्या कामाला कंटाळून कामगार एवढ्या संख्येने नोकरी सोडू लागले की १९१४ साली फोर्ड यांना दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर करावी लागली.

पुढे संगणक आला. १९९० साली मायकेल हॅमर यांनी एका गाजलेल्या लेखात असे मांडले की, जुन्याच पद्धती संगणकावर चढवू नका. त्या मोडून प्रक्रिया मुळापासून नव्याने आखा. १९९३ साली जेम्स चँपी यांच्यासमवेत त्यांचे या विषयावरील पुस्तक आले आणि जगभर 'रीइंजिनिअरिंग'ची लाट आली. परंतु पुष्कळ कंपन्यांत या शब्दाचा व्यवहारातला अर्थ नोकरकपात असाच झाला. मानवी बाजूकडे आपण पुरेसे लक्ष दिले नव्हते, हे पुढे हॅमर यांनीही मान्य केले. त्यानंतर प्रक्रियेच्या आकृत्या काढणारी आणि त्या चालवणारी सॉफ्टवेअर आली. २०१० च्या सुमारास या क्षेत्रातील मंडळी म्हणू लागली की, आकृतीत माणसांच्या बोलण्याला आणि परस्पर मदतीलाही जागा हवी. आजच्या विषयाचा जन्म येथे आहे. नाव नवे असले तरी त्यामागचा अनुभव जुना आहे. त्याची दोन उदाहरणे आम्ही आपणापुढे ठेवतो.

न्याहारीच्या टेबलावरील ज्ञान

पहिले उदाहरण झेरॉक्स कंपनीचे. या कंपनीचे तंत्रज्ञ गावोगाव जाऊन छायाप्रतीची यंत्रे दुरुस्त करीत. त्यांच्यासाठी कंपनीने जाडजूड पुस्तिका तयार केल्या होत्या. अमुक खूण दिसली तर अमुक तपासा, मग तमुक बदला, अशी सारी वाट आखलेली. ज्युलियन ऑर नावाचे मानववंशशास्त्रज्ञ १९८० च्या दशकात या तंत्रज्ञांबरोबर हिंडले. १९९६ साली 'टॉकिंग अबाउट मशीन्स' या पुस्तकात त्यांनी आपले निरीक्षण मांडले. त्यांना असे दिसले की, खरी अवघड दुरुस्ती पुस्तिकेतून होतच नाही. तंत्रज्ञ न्याहारीला, जेवायला एकत्र बसतात आणि एकमेकांना यंत्रांच्या गोष्टी सांगतात. 'त्या यंत्राने भलतीच खूण दाखवली, बिघाड मात्र दुसरीकडेच होता' अशा त्या गोष्टी. वरून पाहणाऱ्याला या गप्पा म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतील. वास्तविक कंपनीचे अर्धे ज्ञान त्या टेबलावर साठत होते.

यातून धडा घेऊन १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये 'युरेका' नावाची व्यवस्था सुरू झाली. तेथे मिनिटेल नावाचे घरगुती संगणकासारखे यंत्र प्रचारात होते, त्याचा उपयोग केला गेला. एखाद्या तंत्रज्ञाला नवी युक्ती सापडली की त्याने ती लिहून पाठवायची. ती थेट साहेबांकडे जात नसे. अनुभवी तंत्रज्ञच ती तपासून पाहत आणि योग्य ठरली की सर्वांसाठी खुली करीत. युक्तीखाली ती सांगणाऱ्याचे नाव असे. यासाठी पैसे द्यावेत काय, असाही विचार झाला होता. पण पैशापेक्षा आपल्या नावाची आणि आपल्या बरोबरीच्या लोकांनी दिलेल्या मान्यतेची किंमत तंत्रज्ञांना अधिक वाटली. पुढे ही व्यवस्था कॅनडा, अमेरिका आणि इतर देशांत गेली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. युरेकाने गप्पा बंद केल्या नाहीत आणि पुस्तिकाही फेकून दिली नाही. अडचण, युक्ती, तपासणी, नोंद आणि नाव अशी पाच पावले तिने दुरुस्तीच्या कामालाच जोडून दिली. सहकार्य प्रक्रियेत आणणे याचा अर्थ असा होतो.

स्टॉपवॉच कामगाराच्या हाती

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील मोटार कारखान्याचे. जनरल मोटर्सचा हा कारखाना गैरहजेरी आणि निकृष्ट मालासाठी बदनाम होता. कोणत्याही दिवशी सुमारे पाचव्या हिश्शाएवढे कामगार गैरहजर असत. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ साली जनरल मोटर्स आणि जपानची टोयोटा यांनी मिळून 'नुम्मी' या नावाने तो पुन्हा सुरू केला. कामगार संघटना तीच होती आणि बहुसंख्य कामगारही जुनेच होते. तरी दोन-तीन वर्षांत गैरहजेरी अगदी थोडी राहिली आणि मालाचा दर्जा टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या जवळ पोचला. माणसे तीच असताना बदल कशात झाला? बदल कामाच्या रचनेत झाला.

प्रथम म्हणजे, चार-सहा कामगारांचा एक गट आणि त्यांच्यातीलच एक गटप्रमुख अशी मांडणी झाली. काही चूक दिसली तर दोरी ओढून मदत मागण्याचा आणि गरज पडल्यास पट्टा थांबवण्याचा अधिकार प्रत्येक कामगाराला मिळाला. या कल्पनेचे मूळ टोयोटा घराण्यातील साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागात आहे. सूत तुटले की तो माग आपोआप थांबत असे. यंत्राने चूक दडपून पुढे जाऊ नये, हे तत्त्व त्यात होते. नुम्मीने तोच अधिकार माणसाला दिला.

दुसरी गोष्ट आम्हांला याहून महत्त्वाची वाटते. या कारखान्यातही कामाची रीत सेकंद मोजून ठरत होती. पण आता स्टॉपवॉच कामगारांच्याच हाती होते. गटातील माणसे एकमेकांच्या कामाचा वेळ मोजत, सर्वांत चांगली आणि कमी त्रासाची रीत कोणती याची चर्चा करीत, ती लिहून काढीत आणि दुसऱ्या पाळीशी ताडून पाहत. उद्या कोणाला त्याहून बरी रीत सुचली तर लिहिलेले बदलता येई. टेलर यांचे तेच घड्याळ, तोच कागद, पण लिहिणारा हात बदलला आणि त्याबरोबर नियमाचा अर्थही बदलला.

तिसरी गोष्ट, संघटनेशी झालेल्या करारात व्यवस्थापनाने कामगारकपात न करण्याची हमी दिली होती. अगदी बिकट आर्थिक संकट आले तरच ती सुटणार होती. १९८० च्या दशकाच्या शेवटी मागणी घटली, तेव्हा कामगारांना घरी पाठवण्याऐवजी प्रशिक्षणाला बसवले गेले. हे आम्ही मुद्दाम सांगतो. ज्या सूचनेने आपल्याच भावाची भाकरी जाईल, ती सूचना कोण करील? भीती असेल तेथे माणूस तोंड मिटून बसतो. हा कारखाना २०१० साली बंद झाला, काम तेथेही हलके नव्हते, आणि आम्ही त्याला स्वर्ग म्हणत नाही. परंतु सहकार्याला सुरक्षिततेचा पाया लागतो, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

आपल्या देशालाही हा विचार परका नाही. जपानमध्ये १९६२ साली काओरू इशिकावा यांच्या प्रेरणेने गुणवत्ता मंडळे, म्हणजे क्वालिटी सर्कल, सुरू झाली. आपल्याकडे १९८० च्या सुमारास हैदराबादच्या भेल कारखान्यात ती आली आणि १९८२ साली क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. त्यांतून चांगले काम झाले. पण ज्या ठिकाणी मंडळ म्हणजे वर्षातून एकदा स्पर्धेत तक्ते दाखवणे एवढेच उरले, तेथे कामाची वाट जशी होती तशीच राहिली. शिवाय आज ज्या कारखान्यांत अर्धेअधिक काम कंत्राटी कामगार करतात, तेथे मंडळात बसायला मात्र कायम कामगारच असतात. ज्याचा हात यंत्रावर आहे, त्याचाच शब्द तेथे नसतो.

गप्पांच्या वर्तुळाबाहेरचा माणूस

आता आपण या विषयाच्या गाभ्याशी येऊ. कोणी म्हणेल, सहकार्य तर सगळीकडे आहेच. टपरीवर चहा पिताना, डबा खाताना, व्हॉट्सॲपच्या गटात कामाचीच बोलणी होतात. खरे आहे. पण त्या टपरीवर कोण असतो? साडेपाचला लोकल गाठून घरी स्वयंपाक करायचा आहे अशी भगिनी तेथे नसते. नव्याने लागलेला मुलगा नसतो. कंत्राटी सफाई कामगार नसतो. ज्याला डब्याच्या टेबलावर कोणी कधी 'या, बसा' म्हटले नाही, तो सहकारी नसतो. मग साहेबांनी काय ठरवले, कोणता अर्ज कसा लवकर निघतो, कोणते प्रशिक्षण येणार आहे, हे सारे वर्तुळातल्यांना आधी कळते आणि बाहेरच्याला परिपत्रक निघाल्यावर कळते. कामातला तो मागे पडतो आणि मग त्यालाच कमी कुवतीचा ठरवले जाते.

आपल्या घरांतून कार्यालयात गेलेली पहिली पिढी हे जाणते. तिला वाट दाखवायला तेथे मामा-काका नव्हते. ज्याची ओळख नाही, त्याला लेखी नियम हाच आधार असतो. म्हणून नियम मोडा, सगळे बोलून ठरवू, असे जे सहकार्याच्या नावाने सांगतात, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५ साली आला, महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. सेवा किती दिवसांत मिळावी हे लिहिले गेले, म्हणून सामान्य माणूस खिडकीपाशी ताठ उभा राहून विचारू शकतो. हे लेखी बळ गमावून चालणार नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की बोलणे प्रक्रियेच्या बाहेर राहिले तर ते ओळखीच्यांचे होते. ते प्रक्रियेच्या आत, नावानिशी आणि नोंदीनिशी आले तर सर्वांचे होते. सरकारी नस्तीतील टिपणी हा याचाच एक जुना नमुना आहे. प्रत्येकाने आपले मत लिहायचे, खाली सही आणि तारीख. कोणी काय म्हटले हे पुढे कोणालाही वाचता येते. मात्र टिपणी हुद्द्याच्या शिडीने खालून वर जाते. शेजारच्या विभागातील जाणकार लिपिक, पत्र वाटणारा शिपाई आणि ज्याचे काम आहे तो नागरिक, यांच्यासाठी त्या पानावर ओळ नाही. ती ओळ आखणे हे आजचे काम आहे.

काय करता येईल?

नोकरीतील बंधू-भगिनींनी, विशेषतः जे अधिकारपदावर पोचले आहेत त्यांनी, काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रक्रिया आखताना ती रोज करणाऱ्याला आधी विचारावे. प्रत्येक पायरीवर अडचण लिहिण्याची सोय असावी आणि ते लिहिणे कामाच्या वेळेतच व्हावे. सूचना करणाऱ्याचे नाव सूचनेबरोबर शेवटपर्यंत राहावे. खालच्याची सूचना वरच्याच्या नावावर एकदा जमा झाली की पुन्हा कोणी बोलत नाही. प्रत्येक सूचनेला ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळावे, मग ते नकाराचे का असेना, पण कारणासह असावे. चूक दाखवणाऱ्याला शिक्षा होऊ नये. आणि चर्चा सर्वांची असली तरी अंतिम निर्णयाची जबाबदारी एका नावावर असावी. नाही तर सर्वांनी मिळून ठरवले म्हणजे कोणीच ठरवले नाही, अशी गत होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेक जण उद्या अशा प्रक्रियांची सॉफ्टवेअर लिहितील. तुम्हांला वरून आकृती मिळेल आणि ती संगणकावर चढवा असे सांगितले जाईल. संगणकापुढे बसण्याआधी ते काम करणाऱ्या माणसाशेजारी एक दिवस बसा. तो कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काय लिहून ठेवतो, कोणाला फोन करतो, कोणती पायरी वगळतो आणि का वगळतो, हे पाहा. आकृतीत जे सापडत नाही ते तेथे सापडेल. पडद्यावर आणखी एक चौकट ठेवायला तुम्हांला फार श्रम पडणार नाहीत, पण त्या चौकटीमुळे एखाद्या लिपिकाचा शब्द वरपर्यंत पोचेल आणि एखाद्या मुलाची शिष्यवृत्ती वेळेवर येईल.

सुरुवात मात्र आपण आपल्या घरापासून करावी. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यासाठी मार्गदर्शनाला बसणाऱ्या कार्यकर्त्यांनी एक साधी वही ठेवावी. कोणता अर्ज कोणत्या कारणाने परत आला, तो कसा दुरुस्त झाला आणि ही युक्ती कोणी सांगितली, हे तीन रकाने पुरेत. सांगणारा पदाधिकारी असो की अकरावीतली मुलगी, नाव तिचे तिलाच मिळावे. पुढच्या वर्षी अर्ज सुरू होण्याच्या आधी ती वही सर्वांसमोर वाचावी आणि सूचनापत्रक तिच्यावरून नव्याने लिहावे. नेहमीच्या त्रुटींची यादी महाविद्यालयातील लिपिकालाही नेऊन द्यावी. त्याच्याकडची त्याला विचारावी. त्यालाही कोणी कधी विचारलेले नसते.

वही दोन-तीन वर्षे चालली तर परत येणारे अर्ज किती घटले, हे मोजून पाहता येईल. ते मोजावे आणि पुढील स्मरणिकेत छापावे, अशी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवतो.